स्वभावाला औषध



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी बसलेली नाही. माझी थोरली बहीण बसली आहे. ती सांगते, सर हजेरी घेताना मान वर करायचे. नाव पुकारलं, 'हजर' ऐकलं आणि खूण करून पुढे गेले, असं करायचे नाहीत. चेहरा बघायचे आणि मगच पुढचं नाव घ्यायचे. त्या एका सवयीखातर मी आजचं आमंत्रण घेतलं.

आता थेट विषयाकडे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले होते. रायपूरचा नौतपा काय असतो हे इथे कुणाला सांगायला नको. अशा दुपारी माझ्याकडे पंधरा वर्षांची एक मुलगी आली, मनगटापर्यंत बाह्यांचा जाड टी-शर्ट घालून. कूलर समोर होता, तरी कपाळावरून घाम ओघळत होता. आई म्हणाली, "हिला उन्हाची ॲलर्जी आहे हल्ली." सोबत आजी होत्या. त्यांनी खुर्चीत टेकता टेकता निकालच देऊन टाकला. "डॉक्टरीणबाई, हिचा स्वभावच असा आहे. लहानपणापासून. आणि स्वभावाला काय औषध असतं होय?"

स्वभावाला औषध नाही. आपल्या भाषेतली ही म्हण किती घरांत किती वर्षं उपचारांच्या आड उभी राहिली असेल, कोण जाणे. आज मी प्रामुख्याने तिच्याशीच भांडणार आहे.

एक खुलासा आधी करते. ही मुलगी एक मुलगी नाही. चार-पाच मुलींचे तुकडे जोडून मी ती उभी केली आहे. आपला इथला मराठी समाज एवढासा आहे की तात्यापाऱ्यात कुणी शिंकलं तर चौबे कॉलनीत सर्दीची चौकशी होते. त्यामुळेच ही मंडळी माझ्याकडे येण्याआधी नागपूरला जाऊन आली होती. तीनशे किलोमीटर! आई म्हणाली, "इथे कुणी पाहिलं असतं तर?" नागपूरहून झोपेची, चिंतेची, आणखी कसली अशा पाच गोळ्यांची चिठ्ठी घेऊन ती परतली होती आणि दिवसभर गुंगीत असायची. राग मात्र गुंगीतही तेवढाच.

घरच्यांनी सांगितलेली हकीकत तुम्हाला ओळखीची वाटेल. दारं आपटते. फोन फेकते. जी मैत्रीण सोमवारी जिवाची, ती गुरुवारी शत्रू. दोन शाळा बदलल्या. बाबा कामासाठी बिलासपूरला निघाले की "आता तुम्ही येणारच नाही" म्हणून स्टेशनवर रडते, आणि ते परत आले की दोन दिवस त्यांच्याशी बोलत नाही. मी आई आणि आजींना बाहेर बसवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, आत काही नाहीच आहे. रिकामं रिकामं लागून राहिलं. मी कोण आहे तेच समजून नाही राहिलं." पुस्तकात ज्याला 'रिक्ततेची सततची भावना' आणि 'स्व-प्रतिमेची अस्थिरता' म्हणतात, ते आपल्या रायपुरी मराठीत इतकं नेमकं कुणी सांगेल असं मला वाटलं नव्हतं. बाह्यांबद्दल मी त्या दिवशी विचारलं नाही. तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

हे वयाचं आहे की आजाराचं, हा पहिला प्रश्न. चौदाव्या-पंधराव्या वर्षी कोण शहाणं असतं? याच शहरात, बूढापाऱ्यात, १८७७ साली चौदा वर्षांचा एक मुलगा कलकत्त्याहून येऊन राहिला. वडील वकील, कामानिमित्त इथे आलेले. इथवर रेल्वे नव्हती. प्रवासाचा शेवटचा टप्पा बैलगाडीने, पंधरवड्याहून जास्त. इथे त्याच्याजोगी शाळाही नव्हती, म्हणून दोन वर्षं वडीलच त्याला शिकवत, आपल्या मित्रांच्या वादविवादात बसवत. हा नरेंद्र दत्त, पुढचे विवेकानंद. बूढा तलावाला आज त्यांचं नाव आहे, विमानतळालाही. चरित्रांतून दिसणारा मुलगा हट्टी आणि तापट होता, मोठ्यांशी वाद घालणारा. एकदा तो आईला काही लागट बोलला, तर वडिलांनी रागावण्याऐवजी ते शब्द कोळशाने त्याच्या खोलीबाहेर लिहून ठेवले, मित्रांनी येता-जाता वाचावेत म्हणून. (मी हा उपाय कुणाला सुचवणार नाही. लाज हे ज्या मुलाच्या दुखण्याचं मूळच असतं, त्याच्या दारावर कोळशाने काही लिहू नये.) पण तो मुलगा आजारी नव्हता. तापट होता, तरी त्याचं घराशी नातं टिकून होतं, अभ्यासात मन होतं आणि आपण कोण याचा त्याचा शोध पुढेच चालला होता. रागीटपणा हे काही विकाराचं लक्षण नव्हे. तोच नमुना घर, शाळा, मैत्री सगळीकडे, महिनोन्‌महिने चालला आणि त्यापायी मुलाचं जगणं अडलं, तर आम्ही वेगळा विचार करतो.

किती महिने? अमेरिकन वर्गीकरणानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला व्यक्तिमत्त्व-विकाराचं निदान द्यायचं तर लक्षणं किमान एक वर्ष असायला हवीत. एकच विकार, समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाचा, अठराच्या आत कधीच लावायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी, १९९२ची नियमावली सोळा-सतरा वर्षांआधी हे निदान सहसा योग्य ठरत नाही असं म्हणे. नव्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली, वयाची ती अट उरली नाही. विकाराच्या प्रकारांच्या जुन्या आठ-दहा पेट्याही गेल्या. आता आधी एवढंच विचारतात : त्रास सौम्य, मध्यम की तीव्र? मग गुणविशेष बघायचे : सतत नकारात्मक भावना, अलिप्तता, इतरांची फिकीर नसणं, आवरता न येणं, टोकाची काटेकोर वृत्ती. 'बॉर्डरलाइन' हा नमुना हवा तर वेगळा नोंदता येतो. माझ्या मते ही मोठी सुधारणा आहे. 'तू अमुक आहेस' असं म्हणण्यापेक्षा 'तुला सध्या एवढा त्रास आहे' हे म्हणणं पंधरा वर्षांच्या मुलीला पेलतं.

जुन्या नियमाची सावली मात्र आमच्या पिढीवर लांब पडली होती. माझ्याच हातून झालेली चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक मुलगी आली होती, साधारण अशीच. मी केसपेपरवर 'किशोरवयीन समायोजन' असं काहीतरी लिहिलं आणि आईवडिलांना म्हटलं, "वय आहे, निघून जाईल. अठरा झाल्यावर वाटलं तर बघू." आई इतकी सुटल्यासारखी हसली की मलाही बरं वाटलं.

ती एकविसाव्या वर्षी परत आली. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. राग निवला होता, हातावरच्या खुणा जुन्या होत्या, नव्या नव्हत्या. निघून गेलं होतं ते. जाताना बारावीची परीक्षा घेऊन गेलं होतं. शाळेतली एकही मैत्रीण उरली नव्हती, दोन नोकऱ्या पंधरा-पंधरा दिवसांत सुटल्या होत्या, आणि घरात धाकटा भाऊ तिच्याशी बोलत नव्हता. ती मला म्हणाली, "आता मी ठीक आहे मॅडम. पण करू काय?"

बोस्टनजवळच्या मॅकलीन रुग्णालयात मेरी झनारिनी आणि सहकाऱ्यांनी बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व-विकाराचे २९० प्रौढ रुग्ण दर दोन वर्षांनी तपासत दशकानुदशकं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली दिसली. म्हणजे आजींची म्हण सपशेल खोटी; हा स्वभाव बदलतो. पण लक्षणं ओसरून शिवाय काम आणि नाती दोन्ही मार्गी लागली, असे एकूण रुग्णांपैकी निम्मेच होते. मी हा निबंध वाचला तेव्हा मला तीच मुलगी दिसली. आग विझते, घर मात्र जळून गेलेलं असतं. दहावी, बारावी, पहिली मैत्री, भावाशी नातं, हे सगळं ज्या वयात बांधायचं त्याच वयात हे दुखणं येतं. म्हणून अठराची वाट बघायची नाही. मी आज जे सांगायला आले आहे ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचा तपशील.

बरं, आत नेमकं होतं काय? मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मांडलेली कल्पना मला सगळ्यात पटते, आणि ती आपल्या गच्चीवर समजते. मे महिन्यात गच्ची लवकर तापते, भलतीच तापते, आणि सूर्य मावळला तरी रात्री एकपर्यंत निवत नाही. काही मुलांचं मन जन्मतःच तसं असतं : पटकन पेटणारं, खूप तापणारं, सावकाश निवणारं. हा निम्मा भाग. उरलेला निम्मा भोवतालचा. गच्ची तापलेली असताना घर खालून म्हणत असतं, "एवढं काय तापलंय? आम्हाला तर नाही लागत." असं वर्षानुवर्षं ऐकलं की मूल दोन गोष्टी शिकतं. एक, माझं मलाच कळत नाही. दोन, ओरडल्याशिवाय किंवा रक्त काढल्याशिवाय कुणी वर येत नाही. यात आईवडील खलनायक नसतात. चार मुलं सुखाने वाढवलेली आई पाचव्या, तापणाऱ्या मुलापुढे हतबल होते. मुलाला मार किंवा अत्याचार सोसावा लागला असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं, आणि तो प्रश्न आम्हाला प्रत्येक वेळी, एकटं बसवून, विचारावाच लागतो. पण तसं काही घडलेलं नसतानाही हे दुखणं येतं. तेवढ्यासाठी घराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये.

लिनेहनबाईंना हे कुठून कळलं? १९६१ साली, सतराव्या वर्षी, त्या स्वतः हार्टफर्ड शहरातल्या एका मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या. सव्वीस महिने तिथे होत्या. एकांताची खोली, विजेचे झटके, सगळं झालं. पुढे त्या शिकल्या, सिएटलला प्राध्यापक झाल्या, आणि आपल्यासारख्यांसाठी त्यांनी उपचारपद्धती बांधली. तिची पहिली चाचणी १९९१ साली छापून आली. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, थोडक्यात डीबीटी. आपली ही जुनी गोष्ट मात्र त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितली, त्याच रुग्णालयात उभं राहून.

डीबीटीत काय करतात ते त्या पूर्ण बाह्यांच्या मुलीच्या एका कागदावरून दाखवते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिने बाही स्वतःच वर केली. मी आरडाओरडा केला नाही, उपदेशही केला नाही. कागद घेतला आणि आम्ही घटनेपासून मागे चालायला लागलो. रात्री अकराला स्वतःला इजा केली. त्याआधी? "काही नाही, एकदम झालं." एकदम काही होत नसतं. पावणेअकराला मैत्रिणीचं स्टेटस बघितलं. तिघीजणी मरीन ड्राइव्हला गेल्या होत्या, हिला विचारलंच नव्हतं. (मुंबईचं नव्हे, आपल्या तेलीबांधा तलावाचं.) दहाला बाबांनी गणिताचे मार्क विचारले. आठला क्लासमधून येताना कुणाशी बोलणं झालं नाही. दुपारचा डबा तसाच परत आला. आदल्या रात्री झोप तीनला. कागदावर सहा कड्यांची साखळी झाली. मी विचारलं, यातली कुठली कडी तुला तोडता आली असती? मला वाटलं, ती स्टेटसकडे बोट दाखवेल. तिने पेन्सिलने डब्याभोवती गोल काढला. "उपाशी असली की मला सगळंच जास्त लागतं."

असे कागद वीस-पंचवीस होतात. सोबत कौशल्यं शिकवायची. उमाळा अनावर झाला की श्वास रोखून चेहरा अगदी गार पाण्यात धरायचा. त्याने नाडीचे ठोके खरोखर मंदावतात. (माठातलं पाणी पुरत नाही, फ्रीजमधलं लागतं. हृदयाचा त्रास किंवा खाण्याचा विकार असेल तर हे विचारल्याशिवाय करायचं नाही.) भावनेला नाव द्यायचं : राग आहे, की अपमान, की मत्सर? मागायचं कसं, नाही म्हणायचं कसं. किशोरवयीन मुलांच्या डीबीटीत पालक त्याच वर्गात बसतात आणि तेच धडे गिरवतात. ऑस्लोमध्ये ७७ मुलामुलींवर एकोणीस आठवड्यांची अशी चाचणी झाली. २०१४ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा स्वतःला इजा करण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे घटलेलं होतं. लंडनचे पीटर फोनागी आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या वाटेने जातात : समोरच्याच्या मनात काय चाललं असेल आणि माझ्या मनात काय, हे तापलेल्या क्षणीही ताडून बघायची सवय लावायची. तीही वाट चांगली आहे.

मग गोळ्या? या विकाराची अशी गोळी नाही. ब्रिटनच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्वच्छ लिहिलं आहे. सोबत नैराश्य असेल तर त्याचं औषध द्यावं, जरूर द्यावं. मी त्या मुलीच्या पाच गोळ्या हळूहळू एकीवर आणल्या. तर आजींच्या म्हणीत हा एक दाणा खरा निघाला! स्वभावाला गोळी नाही. उपचार आहे.

पालकांचं शिकणं सगळ्यात अवघड. मुलगी म्हणते, "माझं कुणी नाहीच." आई कळवळून म्हणते, "असं काय म्हणतेस, आम्ही आहोत ना! काय कमी केलं तुला?" आईच्या बाजूने ही माया आहे, मुलीला ऐकू येतं की तुझं वाटणंच चूक. आम्ही आईकडून दुसरं वाक्य घोकून घेतलं : "आज फार एकटं वाटलं ना तुला." एवढंच. पुढे काही जोडायचं नाही, तोडगा सुचवायचा नाही. पहिल्यांदा ती हे बोलली तेव्हा मुलगी संशयाने म्हणाली, "हे डॉक्टरनी शिकवलं ना?" आई म्हणाली, "हो." दोघी हसल्या. मान्य करणं म्हणजे मान तुकवणं नव्हे, हेही शिकवावं लागतं. फोन फेकला तर नवा फोन लगेच मिळत नाही. दुःख खरं, फेकणं चूक : दोन्ही एका दमात धरायचं. आजींना हे आमच्या आधी जमलं. त्या नातीला म्हणाल्या, "रडून घे, मग भांडी घास."

मुलांबद्दल, म्हणजे मुलग्यांबद्दल, थोडक्यात सांगते, कारण ते माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. मुलगी स्वतःला इजा करते तेव्हा निदान कुणीतरी घाबरतं. मुलगा भिंतीवर मूठ मारतो, गाडी सुसाट पळवतो, नशा करतो. त्याला आपण 'वाया गेला' म्हणतो आणि तो पोलिसांपर्यंत जातो. बाहेरून वेगळं दिसतं, आतलं तापणं पुष्कळदा तेच असतं.

आपल्या राज्याचे आकडे सुखाचे नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२मध्ये देशात लाखामागे १२.४ आत्महत्या झाल्या, छत्तीसगडमध्ये २८.२. हे सगळ्या वयांचे आणि असंख्य कारणांचे मिळून आहेत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार आढळला. तीस मुलांच्या वर्गात दोन. हजेरी घेताना मान वर केली तर दिसतील असे दोन.

एवढ्यांना डीबीटी कोण देणार? प्रशिक्षित माणसं बोटांवर मोजण्याइतकी. इथे मला मेलबर्नची एक बातमी धीर देते. अँड्र्यू चॅनन यांचं पथक तिथे पंचवीसेक वर्षं तरुणांवर, निदान होताहोताच, उपचार करतं. त्यांनी १३९ तरुणांना तीन प्रकारची सेवा देऊन बघितली. निष्कर्ष २०२२मध्ये छापून आले. खास मानसोपचार मिळालेले आणि न मिळालेले, सगळेच सुधारले. लागलं काय? लवकर सुरुवात, तरुणांशी बोलता येणारी माणसं, आणि ठरलेल्या वेळी भेटणारा, टिकून राहणारा एकजण. हे आपल्याला जमण्यासारखं आहे. शाळेतल्या समुपदेशकाला जमेल, जिल्हा रुग्णालयातल्या परिचारिकेला जमेल. फक्त 'नाटक करते' हे वाक्य त्यांच्या तोंडून जायला हवं. रात्री दोनला तातडीच्या कक्षात टाके घालताना ते वाक्य किती मुलींनी ऐकलं असेल!

कायद्याची भीती असते, म्हणून एवढं सांगते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरायचं, तिला शिक्षा नव्हे तर मदत द्यायची. अल्पवयीन मुलाला दाखल करणं हा अगदी अपवाद. केलंच तर प्रौढांपासून वेगळं ठेवायचं, आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण वेळ सोबत राहायचं.

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. दीड वर्ष झालं. मध्ये दोनदा घसरली. दहावी एक वर्ष उशिरा दिली, पण दिली. यंदाच्या नौतप्यातही ती पूर्ण बाह्यांतच आली होती. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "खुणा आहेत म्हणून घालते. नव्या नाहीत. बघायच्या?" मी म्हटलं, नको, तू सांगितलंस ना. डबा खाल्लास का?

माझा वेळ संपला. रात्री-अपरात्री कुणाला गरज पडली तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. आणि चहाच्या वेळी मी मागच्या दाराशी थांबणार आहे. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी 'माझ्या एका ओळखीच्यांची मुलगी' म्हणून विचारलं तरी चालेल. नागपूरला जायची गरज नाही.